चार आण्यांचे तिकीट आणि मॅजेस्टिकचा शनिवार

14 मार्च 1931, शनिवार. गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमाच्या मालकांना त्या दिवशी स्वतःच्याच थिएटरात शिरताना नाकी नऊ आले. भल्या सकाळपासून लोक जमू लागले होते. रांग लावून तिकीट घ्यायची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. ज्याच्या दंडात जोर त्याचा हात खिडकीत, असा सरळ हिशेब होता. अखेर पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट बाहेर चार-चार, पाच-पाच रुपयांना विकले गेले. पडद्यावरची माणसे आज हिंदुस्थानीत बोलणार आणि गाणार, एवढीच काय ती बातमी होती.

'आलम आरा'विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पहिला बोलपट, पहिले गाणे, पहिली बोलकी नायिका अशी त्याची माहिती स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही सापडते. ज्या थिएटरात हे घडले त्याच्या वाट्याला मात्र एक ओळ येते आणि पुढचे वाक्य लगेच पृथ्वीराज कपूरकडे वळते. हा अन्याय आहे असे मला वाटते. बोलपट स्टुडिओत तयार झाला हे खरे, पण त्याची निकड थिएटरच्या गल्ल्यावर निर्माण झाली होती. 'आलम आरा'चे निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी हे मॅजेस्टिकचे एक मालक होते. आधी ते थिएटरवाले झाले, मग चित्रपटवाले. हा क्रम ध्यानात घेतला नाही तर पुढचे बरेचसे कळत नाही.

इराणींचे भागीदार अब्दुलअली युसूफअली मूळचे सुरतेकडचे. 1908 ते 1914 या काळात ते तंबू घेऊन सिंगापूर, सुमात्रा, जावा, ब्रह्मदेश, सिलोन असा मुलूख फिरले. तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद; एका खेळाला हजारभर माणूस मावे. दाखवायला शे-दोनशे फुटांचे तुकडे: कुठे मिरवणूक, कुठे एखादा विनोद, कुठे नुसतीच धावणारी गाडी. खेळ संपला की तंबू गुंडाळून पुढच्या गावी. या धंद्यात माणूस दोन गोष्टी पक्क्या शिकतो. लोक कशाला दुसऱ्यांदा येतात ही एक, आणि कशाला उठून जातात ही दुसरी.

अर्देशीर इराणींचा जन्म पुण्याचा, 1886 सालचा. वाद्ये आणि फोनोग्राफ विकण्याच्या घरच्या धंद्यामुळे आवाजाच्या यंत्रांशी त्यांची ओळख पहिल्यापासून होती. अमेरिकेच्या युनिव्हर्सल कंपनीचे मुंबईतले प्रतिनिधी म्हणूनही त्यांनी काम केले. 1914 मध्ये या दोघांनी मिळून नागपाड्याकडचे अलेक्झांड्रा थिएटर घेतले आणि चार वर्षांनी, 1918 मध्ये, गिरगावात मॅजेस्टिक उभे केले. तंबूवाल्यांना पक्के छप्पर मिळाले.

जागाही विचार करून निवडलेली दिसते. गिरगाव म्हणजे चाळींची दाट वस्ती. कारकून, छापखान्यातले कामगार, शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, सगळे हाकेच्या अंतरावर. नाटकाचे वेड तर पाचवीला पुजलेले. आणि सिनेमाही या भागाला नवा नव्हता. 1911 च्या ईस्टरच्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला तो इथल्याच अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये. सँडहर्स्ट रोडवरच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 18 मे 1912 ला दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला आणि 3 मे 1913 ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. तीन-चार दिवसांत खेळ बदलण्याच्या त्या काळात 'हरिश्चंद्र' 23 दिवस चालला. जाता जाता एक गंमत सांगतो: 'पुंडलिक', 'हरिश्चंद्र' आणि 'आलम आरा', या तिन्ही तारखांना वार शनिवारच होता. आज नव्या चित्रपटासाठी आपण शुक्रवारची वाट पाहतो, ही त्या मानाने अलीकडची सवय.

मॅजेस्टिकमधली पहिली बारा-तेरा वर्षे मूकपटांची. मूकपट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शांत बसलेले प्रेक्षागृह येते. प्रत्यक्षात तसे काही नव्हते. पडद्याच्या पायाशी पेटी आणि तबला घेऊन वाजवणारे बसत. लढाई आली की तबला कडाडायचा, विरहात पेटी सुरू. चित्राच्या मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत, त्याही इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन लिप्यांत. निम्म्या प्रेक्षकांना अक्षर लागत नसे, त्यामुळे ज्याला येई तो मोठ्याने वाचून दाखवी आणि बाकीचे त्यावर मल्लिनाथी करीत. चार आण्यांच्या जागेवरचा प्रेक्षक पुढे बसे आणि सगळ्यांत जास्त बोले. थोडक्यात, पडदा सोडून सगळे थिएटर बोलत होते.

थिएटर हाती आल्यावर त्यात लावायला माल हवा, म्हणून इराणी निर्मितीत उतरले. 1922 मध्ये स्टार फिल्म, 1923 मध्ये मॅजेस्टिक फिल्म, मग रॉयल आर्ट आणि 1926 मध्ये इंपीरियल फिल्म कंपनी. दुसऱ्या कंपनीचे नाव पाहा. थिएटरचेच नाव तिला दिलेले. इंपीरियलचा स्टुडिओ ग्रँट रोडजवळ केनेडी ब्रिजच्या बाजूला होता, पुढे त्याला ज्योती स्टुडिओ म्हणू लागले. तिथून मॅजेस्टिक पायी पंधरा-वीस मिनिटांवर. चित्रपट जिथे बनायचा तिथून तो लागायचा तिथपर्यंत डबे डोक्यावर घेऊन जाता येत.

1929 मध्ये कलकत्त्याच्या एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्ये युनिव्हर्सलचा 'मेलडी ऑफ लव्ह' हा बोलपट लागला. मुंबईत फोर्टातल्या एक्सेल्सियरला 'शो बोट' आला. तो पुरता बोलका नव्हता, काही भाग मुका, काही बोलका. इराणींनी तो पाहिला आणि हिंदुस्थानी बोलपटाची कल्पना त्यांच्या डोक्यात शिरली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. ही कल्पना फोर्टातल्या थिएटरवाल्याला सुचण्याचे कारण नव्हते. त्याच्या प्रेक्षकाला इंग्रजी येत होते; त्याने यंत्र बसवले की काम झाले. गिरगावच्या थिएटरवाल्याची गोष्ट वेगळी. यंत्र बसवले तरी पडद्यावरची मडम काय बोलते ते त्याच्या चार आणेवाल्याला कळणार नाही. मुक्या चित्रपटांना एक सोय होती: हॉलिवुडचा चित्रपट असला तरी पाटी बदलली की तो गिरगावचा होई. बोलपटाने ती सोय काढून घेतली. म्हणजे इथल्या थिएटरला जगायचे असेल तर इथल्या बोलीचा चित्रपट लागणार, आणि तो दुसरा कुणी आणून देणार नाही. त्यात कलकत्त्याची मादन कंपनी बोलपटाच्या तयारीला लागली होती. मादनांकडे पैसा होता, थिएटरांची साखळी होती. इराणींनी म्हणून सगळे गुपचूप केले.

गोष्ट निवडतानाही डोके थिएटरवाल्याचेच चाललेले दिसते. जोसेफ डेव्हिड यांचे 'आलम आरा' पारशी रंगभूमीवर गाजलेले होते. डेव्हिड बेने इस्रायली, पेणकर आडनावाचे. कोकणातल्या ज्या ज्यू समाजाची घरची भाषा मराठी, त्यांतले. कुमारपूर नावाचे राज्य, दिलबहार आणि नवबहार या दोन राण्या, सेनापती आदिल, परागंदा झालेली मुलगी आणि तिच्या प्रेमात पडणारा राजपुत्र. गोष्टीत नवे काही नाही, आणि नवे नसणे हाच तिचा गुण होता. आवाज ही एकच गोष्ट लोकांना नवी द्यायची, बाकीचे ओळखीचे ठेवायचे. भाषाही तशीच: हिंदी आणि उर्दू यांच्या मधली, पारशी नाटकांनी घोटून तयार केलेली, जी कामाठीपुऱ्यात कळे आणि काळबादेवीतही कळे. आणि गाणी सात. नाटकाला जाणारा माणूस गाण्यासाठी पैसे मोजतो हे गिरगावात कुणाला सांगायची गरज नव्हती. हिंदी चित्रपटात गाणी का असतात यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. त्यांनी एकदा 1931 चा हा हिशेब मांडून पाहावा.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू, कारण खरी कसोटी तिथे लागली. इराणींनी आणलेले यंत्र टॅनर बनावटीचे. त्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर उमटत. वरवर पाहता सोय, प्रत्यक्षात जाच. आवाजाची रेघ त्या त्या चित्राच्या अगदी शेजारी नसते, काही चौकटी पुढे असते. त्यामुळे चित्र जिथे कापावे तिथे आवाज अर्धवट तुटतो. वेगळा आवाज नंतर भरायची सोय नाही. एखादा शब्द चुकला, कुणी खोकले, की सगळा प्रसंग पहिल्यापासून. यंत्राबरोबर विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. त्याचे दिवसाचे शंभर रुपये. त्या काळी शंभर रुपये हा बऱ्याच कारकुनांचा दोन महिन्यांचा पगार. इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी महिनाभरात त्याच्याकडून विद्या काढून घेतली आणि पुढे ध्वनिमुद्रणाचे काम स्वतःच पाहिले. भरुचा पेशाने वकील. पुण्याचा वाद्यविक्रेता आणि एक वकील, अशी ही देशातल्या पहिल्या बोलपटाच्या ध्वनिमुद्रकांची जोडी.

स्टुडिओला आवाज रोखणाऱ्या भिंती नव्हत्या. असायचे कारणही नव्हते; मूकपट दिवसाउजेडी चित्रित होत, उघड्यावर, पत्र्याचे परावर्तक धरून. आणि शेजारून रेल्वे जाते. ग्रँट रोड आणि चर्नी रोडच्या मधली ती लोकलची लाइन, दर काही मिनिटांनी गाडी. कुमारपूरच्या राजवाड्यात बोरीबंदरची शिट्टी ऐकू आली असती तर चित्रपट तिथेच आटोपला असता, आणि इथे तर चर्चगेटची गाडी हाताच्या अंतरावर धडधडत होती. उपाय एकच: शेवटची गाडी गेली की सुरू करायचे, पहिली गाडी यायच्या आत थांबायचे. रात्री एकपासून पहाटे चारपर्यंत काम. दिवसाच्या उन्हाऐवजी प्रखर दिवे आले आणि त्यांच्या उकाड्यात नटमंडळी जरीचे कपडे घालून उभी राहिली.

माइक लपवायचे कुठे, हा रोजचा प्रश्न. कॅमेऱ्याच्या नजरेला पडणार नाहीत असे ते कुठेतरी दडवायचे आणि नटाने तिकडे तोंड राहील असे बेताने वळायचे. गाणे म्हणजे आणखी पंचाईत. पार्श्वगायनाचा तेव्हा पत्ता नव्हता. जो पडद्यावर दिसतो त्यानेच गायचे, तेही तिथल्या तिथे. वाजवणारे दोघे-तिघे: पेटी, तबला, व्हायोलिन. त्यांनाही लपायचे, आणि तरी त्यांचे वाजवणे गाणाऱ्याला ऐकू जायला हवे. फकिराच्या भूमिकेत वझीर महंमद खान यांनी असे उभ्या उभ्या जे गाणे म्हटले ते हिंदी चित्रपटातले पहिले गाणे. मॅजेस्टिकमध्ये पडद्यापुढे उघड बसणारे पेटी-तबलावाले इथे चित्रातल्या झाडामागे जाऊन बसले होते. त्यांच्या थिएटरातल्या जागेचे काय होणार, हे त्याच वेळी ठरून गेले.

नायक मास्टर विठ्ठल. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला, तलवारबाजीच्या मूकपटांचा बादशहा. तो शारदा स्टुडिओशी करारबद्ध होता. करार मोडून इंपीरियलकडे आला म्हणून शारदाने कोर्टात खेचले. विठ्ठलच्या बाजूने वकील उभे राहिले मोहम्मद अली जीना, आणि खटला जिंकला. एवढे करून नायक मिळवला, तर त्याची हिंदुस्थानी अडखळणारी. मग त्याच्या भूमिकेत बोलणेच कमी ठेवले गेले. पहिल्या बोलपटाचा नायक कमीत कमी बोलतो, हे वाचून हसू येते, पण विठ्ठलवर काय बेतली असेल याचाही विचार मनात येतो. घोड्यावरून उड्या मारून कमावलेले नाव, आणि एका रात्रीत मोजमाप उच्चारांवर आले. त्याच्यासारखे अनेक जण पुढच्या चार-पाच वर्षांत मागे पडले. नायिका झुबेदा मात्र नव्या युगात सहज रुळली. पृथ्वीराज कपूर होते, जिल्लोबाई होत्या, आणि एका किरकोळ भूमिकेत एल. व्ही. प्रसाद नावाचा आंध्रातून आलेला तरुण होता, जो पुढे मद्रासेत मोठा निर्माता झाला.

सारे मिळून खर्च सुमारे चाळीस हजार रुपये, लांबी साडेदहा हजार फूट. मॅजेस्टिकला तो आठ आठवडे चालला.

त्या आठ आठवड्यांत प्रेक्षकांनी काय ऐकले? आवाज फारसा चांगला नव्हता असे मानायला जागा आहे. नवखे तंत्रज्ञ, उघडा स्टुडिओ, थिएटरात नुकतेच बसवलेले कर्णे. पण तक्रार करणार कोण आणि कशाशी तुलना करून? गर्दीने उत्तर दिले होते. काही आठवड्यांत मादनांचा 'शिरीन फरहाद' आला, त्यात गाण्यांची लयलूट होती. तांत्रिकदृष्ट्या आणि लोकप्रियतेतही तो सरस ठरला असे म्हणतात. पण पहिला तो पहिला. इंपीरियलने लगेच 'आलम आरा'च्याच सेटांवर 'कालिदास' काढला, तो ऑक्टोबर 1931 मध्ये मद्रासला लागला आणि पहिला तमिळ बोलपट म्हणून ओळखला गेला. त्यापाठोपाठ तेलुगू 'भक्त प्रल्हाद' आणि 1933 मध्ये 'दोख्तर-ए-लोर', इराणचा पहिला फारसी बोलपट. तोही केनेडी ब्रिजशेजारीच बनला. 1937 मध्ये 'किसान कन्या' हा देशात तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट पुन्हा याच स्टुडिओतून बाहेर पडला. एका गल्लीतून एवढे.

मराठीची पाळी आली ती 6 फेब्रुवारी 1932 ला. प्रभातचा 'अयोध्येचा राजा', दिग्दर्शक व्ही. शांताराम, चित्रीकरण कोल्हापूरचे, आणि मुंबईतले थिएटर पुन्हा मॅजेस्टिक. वार पुन्हा शनिवार. मला स्वतःला हा शनिवार आधीच्या शनिवारापेक्षा मोलाचा वाटतो, त्याचे कारण असे. कथा हरिश्चंद्राचीच होती, जी एकोणीस वर्षांपूर्वी इथून जवळच कोरोनेशनला लागली होती. तेव्हा तारामती व्हायला एकही बाई मिळाली नाही. फाळक्यांनी ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके गाठले आणि त्यांनाच लुगडे नेसवले. आता तारामती होती दुर्गा खोटे. लाडांच्या घरातली मुलगी, इंग्रजी शाळा-कॉलेजात शिकलेली, आणि वाढली ती इथल्याच कांदेवाडीत. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, संगीतही त्यांचेच. बाबूराव पेंढारकर आणि मास्टर विनायक सोबतीला. गिरगावातल्या चाळींनी आपल्या ओळखीच्या घरची मुलगी पडद्यावर पाहिली, आपल्या भाषेत बोलताना आणि गाताना ऐकली. चांगल्या घरच्या बायकांनी सिनेमात जावे की नाही यावर घराघरांत वाद झाले असतील ते झाले असतील, पण थिएटर भरले.

हे भरलेले थिएटर कुणाच्या पोटावर आले तेही सांगायला हवे. संगीत नाटक कंपन्या. रात्रभर चालणारे नाटक, वीस-पंचवीस गाणी, पदरी ठेवलेली शंभर माणसे, गावोगावचा प्रवास, आणि तिकीट महाग. समोर चार आण्यांत तीन तासांत गाणी, लढाई आणि राजवाडा. गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडत गेली. 1935 मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त उभे राहिले. दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने चित्रपट काढून पाहिला आणि त्यातच हात पोळून घेतले. नाटकांची थिएटरे एकामागून एक पडदा लावू लागली. मॅजेस्टिकपासून थोड्याच अंतरावरचे रॉयल ऑपेरा हाऊस 1935 नंतर मुख्यतः सिनेमाघर झाले. सेंट्रल सिनेमात 12 डिसेंबर 1936 ला 'संत तुकाराम' लागला तो 57 आठवडे हलला नाही. बोलपटाने नाटक मारले असे सरसकट म्हणणे मला पटत नाही, कारण कंपन्यांचा कारभार आधीच डबघाईला आला होता. पण शेवटचा धक्का गिरगावातल्या या तिकीट-खिडक्यांनी दिला यात शंका नाही.

पुढची चाळीसेक वर्षे मॅजेस्टिकने इतर दहा थिएटरांसारखी काढली. मोठे खेळ नव्या, वातानुकूलित थिएटरांकडे गेले. लॅमिंग्टन रोडवर वितरकांच्या कचेऱ्या वाढल्या, धंद्याचे मध्यस्थान तिकडे सरकले. या काळातली मॅजेस्टिकची सगळ्यांत टिकाऊ कमाई मात्र चित्रपटाची नाहीच. थिएटरच्या शेजारी केशवराव कोठावळे यांनी पुस्तकांचा छोटा स्टॉल मांडला. सिनेमाला येणाऱ्याने खेळ सुरू होईपर्यंत पुस्तके चाळावीत, जमल्यास एखादे घ्यावे. स्टॉलला वेगळे नाव कशाला शोधा, म्हणून थिएटरचेच घेतले: मॅजेस्टिक बुक स्टॉल. त्यातून मॅजेस्टिक प्रकाशन झाले, 1964 मध्ये 'ललित' मासिक निघाले, त्यात जयवंत दळवींनी 'ठणठणपाळ' या नावाने मराठी लेखकांची झोप उडवली. आज महाराष्ट्रात 'मॅजेस्टिक' म्हटले की शंभरातल्या नव्वद जणांना पुस्तके आठवतात. थिएटर आठवणारे बहुधा सत्तरीच्या पुढचे.

थिएटर पाडले गेले आणि त्या जागी शॉपिंग सेंटर आले. नाव तेवढे तिथेही मॅजेस्टिकच राहिले. अलेक्झांड्राच्या इमारतीत आता धार्मिक शिक्षणाची संस्था आहे. ऑपेरा हाऊस 1993 मध्ये बंद पडले होते, पण त्याचे दैव थोर: मालक गोंडलचे राजघराणे, इमारत बरोक थाटाची, छतावर नक्षी, ससून घराण्याकडून आलेली झुंबरे. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या हातून ती वर्षानुवर्षे खपून दुरुस्त झाली आणि ऑक्टोबर 2016 मध्ये पुन्हा उघडली. त्याचा आनंदच आहे. पण वारसा म्हणून आपण काय वाचवतो याचा नमुनाही त्यात दिसतो. ज्या इमारतीला चेहरा असतो ती वाचते. मॅजेस्टिकला बहुधा असा चेहरा नव्हता; तिथे जे घडले तेवढेच तिचे मोल होते, आणि घडलेल्या गोष्टीला छप्पर-झुंबर नसते. मुंबईची वारसा नियमावली आली 1995 मध्ये. तोवर मॅजेस्टिक केव्हाच गेले होते.

चित्रपटाचीही तीच गत. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत ती जळाली असे छापून येते, ते खरे नाही. 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तेव्हाच ती हाती लागत नव्हती. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी एक हकिकत सांगितली आहे: ते इराणींना भेटायला गेले तेव्हा वृद्ध इराणी म्हणाले, काही रिळे कुठेतरी पडलेली असतील, आणि त्यांच्या मुलाने मागाहून कबूल केले की चांदी काढून घेऊन ती रिळे आपणच निकालात काढली. नायट्रेट फिल्मवर चांदीचा थर असतो, त्याचे चार पैसे येत. अनेक मूकपटांचा आणि सुरुवातीच्या बोलपटांचा शेवट असाच झाला. इराणी 1969 मध्ये गेले.

'अयोध्येचा राजा' मात्र शाबूत आहे. आज उपलब्ध असलेला सगळ्यांत जुना भारतीय बोलपट तो आणि त्याची प्रत पुण्याच्या संग्रहालयात आहे. मॅजेस्टिकच्या कर्ण्यांतून गिरगावने जे ऐकले त्यातले एवढे तरी आपल्याला ऐकता येते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. आणि एक विनंती. त्या काळी थिएटरात गाण्यांच्या चोपड्या विकायला असत, रंगीत हँडबिले वाटली जात. गिरगावातली बिऱ्हाडे आता डोंबिवली, विरार, पुण्याकडे पांगली आहेत आणि त्यांच्याबरोबर जुन्या ट्रंकाही. आजोबांच्या ट्रंकेत अशी एखादी चोपडी, हँडबिल, थिएटरचा फोटो किंवा चुकूनमाकून रिळाचा डबा निघाला, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.